वाफेला कोण तंबाखू म्हणणार?

आधीच सांगते, मला सिगारेटी ओढणारी बाई समजून वाचायला बसू नका. मी पारोळ्याची लेक, धरणगावची सून आणि जळगावात कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवणारी बाई. माझ्या हातचं भरीत खाऊन पोरं घरी फोन करतात आणि आपल्या आयांना नावं ठेवतात. सकाळी शेगडीसमोर उभी राहिले की दुपारपर्यंत तिथून हलत नाही. म्हणजे माझा सगळा धंदा माझ्या दोन पायांवर. त्यातल्या उजव्या पायाबद्दल हे लिहिते आहे. तो राहतो की जातो, असा प्रश्न होता. आणि तो कशामुळे जायला निघाला, हे आजही मला कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

ज्यांच्या घरात साखरेचा पेशंट आहे आणि ते वाफेचं नवीन खूळही शिरलंय, त्यांनी तरी हे वाचावं. मला डॉक्टरकी येत नाही. जे झालं ते सांगते.

मशेरी सुटली

साखर मला जुनीच. गोळ्या वेळेवर घ्यायची, गोड सोडलं होतं, भातही जेमतेम. माझी एकच खोड होती, मशेरी. आमच्याकडच्या कितीतरी बायका भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड सकाळी दातांना लावतात, मग चहा, मग बाकीचं जग. मीही लहानपणापासून लावायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि दातांच्या डॉक्टरांनी दम भरला की साखरेच्या माणसाला हे परवडणार नाही, आजच्या आज सोडा.

सोडली. आणि मग घरात जो तमाशा सुरू झाला, विचारू नका. तलफ आली की डोकं फिरायचं. मीठ जास्त पडायचं, पोरांवर ओरडायची. आमचे हे एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं, मीही नानाच म्हणते. एकदा ते हात जोडून म्हणाले, "बाई, तुझी ती मशेरी मी स्वतः आणून देतो. निदान घरात शांतता तरी राहील."

दिवाळीत भाऊबीजेला माझा धाकटा भाऊ राजू सुरतहून आला. तिकडे कापड मार्केटमध्ये कामाला आहे. खिशातून त्याने पोरांच्या रंगीत पेनाएवढी एक नळी काढली. ओढली की तिच्या टोकाला निळा दिवा लागायचा आणि तोंडातून आंब्याचा वास यायचा. माझ्यासाठी त्याने तशीच एक नवी आणली होती.

"अक्का, मशेरीची आठवण आली की ही ओढायची. तंबाखू नाही, धूर नाही, राख नाही. नुसती वाफ. मी सिगारेट यानेच सोडली."

मी ओढून पाहिली. घशाला जरा लागलं, पण तोंडभर आंबा. मी लगेच विचारलं, "अरे, गोड लागतंय. साखर तर नाही ना यात?"

तो हसायलाच लागला. "अक्का, वाफेत साखर कुठून येणार?"

मलाही पटलं. आमच्या घरी सर्दी झाली की निलगिरीची वाफ घेतात, तसलंच काहीतरी. हे विकायलाच बंदी आहे, हे मला फार उशिरा कळलं. राजूला ते टपरीवर उघड मिळायचं, त्यामुळे त्यालाही ते चोरीचं वाटलं नव्हतं. तेव्हापासून माझी मजाच झाली. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि त्यावर आंब्याचे दोन झुरके. कणीक मळून झाली की दोन, पोरं जेवून गेली की अजून दोन. नळी संपली की राजू सुरतच्या ट्रॅव्हल्समधून दुसरी पाठवायचा. चिडचिड गेली. नाना म्हणाले, देव पावला. मीसुद्धा सगळ्यांना सांगत सुटले, मी मशेरी सोडली म्हणून. केवढा तोरा होता माझा!

साखर काही ऐकेना

हिवाळा संपता संपता साखर चढायला लागली. जळगावच्या आमच्या डॉक्टरबाई शांत स्वभावाच्या आहेत. त्यांनी खाणं विचारलं, झोप विचारली. "तंबाखू?" म्हणाल्या.

"सोडली," मी ताठ मानेने सांगितलं.

"बिडी, सिगारेट?"

"अहो, काहीतरीच काय!"

त्यांनी शाबासकी दिली. मी एक अक्षर खोटं बोलले नव्हते. वाफेला कोण तंबाखू म्हणणार? त्यांनीही ते नाव घेऊन विचारलं नाही. पन्नाशी ओलांडलेल्या खानावळवालीला कोण विचारेल?

गोळी वाढली. साखर वाढली. दुसरी गोळी जोडली. उन्हाळ्यात इन्सुलिन सुरू झालं, पोटाला सुई टोचून घ्यायची. मग त्याचीही मात्रा वाढत गेली. मी भाकरी अर्धी केली, बटाटा तोडला. संध्याकाळी मेहरूण तलावाला फेरी मारायला लागले. तरी सकाळी बोटाला सुई टोचली की त्या छोट्या मशीनवर आकडा वरचाच. मला त्या मशीनचा इतका राग यायचा की एकदा मी ते भिंतीवर फेकायला निघाले होते.

नानांना वाटलं मी चोरून खाते. ते गुळाचा डबा उघडून बघायचे, फ्रीज तपासायचे. एकदा खानावळीतल्या शिऱ्याची कढई घासायला ठेवली होती, तर म्हणाले, "चाटली असशील." इतकी वर्षं संसार केला, पण त्या एका शब्दाने मला जेवढं लागलं तेवढं कशानेच लागलं नव्हतं. मी खूप रडले. माझ्यावर माझाच विश्वास राहिला नाही. वाटायचं, झोपेत उठून खाते की काय मी?

कानबाई

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, आम्हा खानदेशी लोकांची देवी. धरणगावला सगळी भाऊबंदकी जमते. घरातल्या पुरुषामागे मोजून घेतलेल्या गव्हाचे रोट होतात. बरोबर पुरण, खीर, डांगराची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. आणि ते रोट घरच्यांनीच संपवायचे, बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. मी देवीपुढे हात जोडून चतकोर रोट घेतला, पुरणाला बोट लावलं नाही. शपथेवर सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विसर्जनाला नदीवर अनवाणी जायचं असतं. डोक्यावर कानबाईचा पाट, गाणी, फुगड्या. या वर्षी पाट माझ्या डोक्यावर होता. मला काय आनंद झाला होता सांगू! नदीवरून परत आल्यावर मी ओट्यावर बसले, तर मोठ्या जाऊबाई ओरडल्या, "आवं, तुना पायले रगत शे ना! काय व्हयनं वं तुले?"

पाहते तर अंगठ्याच्या खाली काचेचा तुकडा रुतून बसलेला, आणि ओट्यापर्यंत रक्ताचे ठसे. मला काहीच कळलं नव्हतं. दुखलंच नव्हतं! साखरेने पायाची जाण जाते, हे मी ऐकलं होतं. माझी गेली, हे त्या ओट्यावर कळलं. मला त्या रक्तापेक्षा न दुखण्याचीच जास्त भीती वाटली.

हळद लावली, पट्टी बांधली. जळगावला येऊन दवाखान्यात दाखवलं, इंजेक्शन घेतलं. पण जखम भरेना. आधी कडा पांढऱ्या पडल्या, मग अंगठा सुजला, मग काळसर झाला, मग वास यायला लागला. साखर तर विचारूच नका. आणि सगळ्यांनी खापर फोडलं रोटावर. जाऊबाईंचा रोज फोन, "गोड बठ्ठं बंद करी दे माय." मी काय बंद करणार? बंद करायला शिल्लक काय होतं?

डॉक्टरबाईंनी पाय पाहिला आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडला. धुळ्याला त्यांच्या ओळखीचे सर्जन होते, त्यांच्याकडे चिठ्ठी दिली. सर्जन स्पष्ट बोलणारे निघाले. "मावशी, साखर खाली आली तर अंगठ्यावर भागेल. नाही आली तर पाऊल जाईल, त्याच्या पुढचं मी आज बोलत नाही."

नाना खिडकीबाहेर बघत राहिले. मी विचारलं, "मला उभं राहून स्वयंपाक करता येईल ना?" सर्जननी सिस्टरला मला भरती करून घ्यायला सांगितलं.

धुळ्याचा वॉर्ड

वॉर्डात आपलं काहीच नसतं. सुई त्यांची, वेळ त्यांची, खिचडी त्यांची. सकाळी उजाडलं की बोट पुढे करायचं. मग ड्रेसिंगवाला यायचा. पट्टी सुटायला लागली की मी तोंडात पदर कोंबायची, दुखण्याने नाही, त्या वासाने. आपल्याच अंगाचा असा वास यावा! संडासला जायचं तर नानांचा खांदा. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. पण ते बोलतही नव्हते, आणि मला ते न बोलणं सोसत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर रझियाबी होती, धुळ्याचीच, तिच्याही पायाचंच दुखणं. ती माझ्याकडे बघून म्हणायची, "रोती कायको? रोने से पाँव वापस आता क्या?" आणि मग स्वतःच रडायची. तिच्या घरून आलेल्या डब्यातली मेथीची भाजी ती मला न विचारता वाढायची. ती भाजी मी आयुष्यात विसरणार नाही.

भरती झाले तेव्हा माझी वाफेची नळी घरीच राहिली होती. मला त्याचा फार त्रास झाला. हात थरथरायचे, डोकं जड. नानांना मी रोज सांगायची, जळगावला चक्कर झाली तर ती घेऊन या.

मग एका सकाळी जेवणाच्या आधी मला दरदरून घाम फुटला. समोरची भिंत हलायला लागली. मला बोलायचं होतं पण जीभ वळेना. रझियाबीने पाहिलं आणि असा आवाज ठोकला, "सिस्टर! ये बाई को देखो, पसीना पसीना हो गई!" सिस्टर धावत आली. साखर एकदम खाली गेली होती. जी मेली महिनोन् महिने वरच बसली होती, ती खाली! त्यांनी तोंडात ग्लुकोजचं पाणी ओतलं. इतक्या दिवसांनी गोड पाणी प्यायले, आणि ते असं, मरता मरता.

साखर बघणारे डॉक्टर तरुण होते. ते पलंगापाशी स्टूल ओढून बसले. "मावशी, तुमच्या इन्सुलिनची मात्रा तीच आहे. जेवणही तुम्ही घेता आहात. जखमेतला पू काढला, औषधं चालू आहेत, त्यानं थोडी उतरणारच. पण एवढी? घरी असं काय होतं जे इथे नाही?"

"काहीच नाही हो," मी म्हटलं. "एक माझी वाफ तेवढी राहिली घरी."

"कसली वाफ?"

नानांनी सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली नळी काढली. आदल्याच दिवशी जळगावहून आणली होती, मी मागितली म्हणून. डॉक्टरांनी ती हातात घेतली, हुंगली, वरची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन वाचली. मग ते नानांना म्हणाले, "हे यांना दिलं नाहीत ना अजून?"

डॉक्टर काय म्हणाले

मला जेवढं समजलं तेवढं लिहिते. त्या द्रवात निकोटीन असतं. मशेरीत होतं तेच, तंबाखूतलं. म्हणजे मी दारातून हाकललेली सवत आंब्याचा शालू नेसून खिडकीतून आत आली होती. निकोटीन अंगात गेलं की शरीर इन्सुलिनला जुमानत नाही, साखर वर राहते. पायाच्या बारीक रक्तवाहिन्याही आखडतात, मग जखमेपर्यंत रक्त पोचत नाही. माझी साखर उतरावी म्हणून इन्सुलिन वाढवत नेलं, आणि इथे ती नळी अचानक बंद झाली. मग तेवढंच इन्सुलिन जास्त झालं असावं.

"आणि ते गोड लागतं ते?" नानांनी विचारलं.

"ग्लिसरीन असतं, वासाची द्रव्यं असतात, अजून काय काय असतं. ती श्वासातून गेल्यावर साखरेचं किती बिघडवतात, हे ठामपणे सांगण्याइतकं आम्हालाच अजून माहीत नाही. आणि हा बंदीचा माल. पाकिटावर एक लिहितात, आत दुसरंच भरतात. कोण तपासणार?"

मी विचारलं, "म्हणजे माझा पाय याच्यामुळेच जायला निघाला ना?"

त्यांनी नळी परत पिशवीत गुंडाळली. "तसं एका गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही मावशी. साखर जुनी आहे. अनवाणी चाललात. पायाची जाण आधीच गेलेली होती. यानं भर घातली असणार, एवढं म्हणतो. किती, ते नाही सांगता येणार."

मला तर हो किंवा नाही हवं होतं. हो म्हणाले असते तर मी त्या नळीला शिव्या घातल्या असत्या, नाही म्हणाले असते तर नशिबाला. आता कुणाला घालू? रात्रंदिवस मी तेच कातत बसायची. चतकोर रोट, काच, आंबा, पुन्हा रोट.

नानांना मात्र त्यांचं उत्तर मिळालं होतं. त्यांनी वॉर्डाच्या दारात उभं राहून राजूला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुझ्या बहिणीला तू विष पाजलंस. माझ्या दारात पाय ठेवू नकोस." मी पलंगावरून हाका मारत राहिले. उतरून जाता येत नव्हतं. त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता चहा आणायला गेले.

ऑपरेशनच्या दिवशी सिस्टरने उजव्या पायातलं जोडवं काढायला घेतलं. बोटं सुजली होती, निघेना. साबण लावून, दोऱ्याने ओढून काढलं. अंगठ्याबरोबर शेजारचं बोटही जाणार होतं, म्हणजे त्या पायात परत जोडवं नाहीच. सिस्टरने ते नानांच्या हातावर ठेवलं. ते तिथेच मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "मी तुला चाटली म्हणालो होतो," एवढंच म्हणाले. मला त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण एका हाताला सलाईन आणि दुसरा पोचत नव्हता.

घरी

साखर उतरली आहे. इन्सुलिनही डॉक्टरांनी कमी केलंय. अंगठा आणि शेजारचं बोट गेलं, पाऊल अजून आहे. "अजून आहे" म्हणायचं कारण, जखम एका बाजूने भरत नाही. धुळ्याला दाखवायला गेले की सर्जन चिमट्याने टोचून बघतात आणि "बघू" म्हणतात. त्या एका शब्दावर मी पुढच्या फेरीपर्यंत जगते. खानावळ बंद आहे. स्टुलावर बसून भाकऱ्या थापून पाहिल्या, तोल जातो. पोरं अधूनमधून येतात, दारातून "मावशी, बरं वाटतं का" विचारतात आणि दुसरीकडे जेवायला जातात. जाणारच, भूक कुणासाठी थांबते?

साखरेच्या लोकांनो, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. जे तोंडाला लावता ते सगळं सांगा, वाफ असो, पूड असो. आणि सोडायचं झालं तर त्यांना सांगून सोडा, नाहीतर माझ्यासारखी साखर खाली आपटेल. हे सांगायला सोपं आहे. तलफेचं मात्र माझ्याकडे औषध नाही. डॉक्टरांनी त्यासाठी गोळ्या दिल्यात, तरी मला आजही ती नळी स्वप्नात दिसते.

दसऱ्यानंतर राजू आला. मीच नानांच्या मागे लागले होते. शेवटी ते म्हणाले, "येऊ दे, तुझा भाऊ आहे," आणि तो आला तेव्हा पेपर घेऊन पुढच्या खोलीत जाऊन बसले.

राजू वाळला होता. पायथ्याशी बसून माझ्या पट्टीकडे बघवेना त्याला. मन भरून आलं की तो आमच्या अहिराणीवर येतो. मग म्हणाला, "अक्का, मनीबी साखर निंघनी."

त्यालाही साखर निघाली! आमच्या आईला होती, मला आहे, आता हा. ड्रेसिंगची वेळ झालीच होती. मी त्याच्यासमोर पट्टी सोडली आणि पाय पुढे केला. "बघ. तोंड फिरवू नकोस, नीट बघ." त्याने पाहिलं. जिथे अंगठा होता ती जागा, ते लाल तोंड. त्याने दोन्ही हातांत माझी टाच धरली आणि हुंदके देत म्हणाला, "सोडी दिन्हं मी ते. तुनी आन."

माझी शपथ घेतली त्याने. माझा विश्वास बसला. किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं, निदान हा तरी वाचला म्हणून. मी म्हटलं, जा, तोंड धुऊन ये मागच्या मोरीत, चहा टाकायला सांगते.

त्याला जरा उशीर झाला. टॉवेलने तोंड पुसत आला, माझा पाय उशीवर नीट ठेवायला वाकला, आणि त्याच्या शर्टाच्या कॉलरमधून आंब्याचा वास आला.

मला त्याच्या कानाखाली द्यायची होती. राग आला, भीती वाटली, डोळे भरून आले, हे सगळं खरं. पण त्या सगळ्याच्या आधी मला तो वास गोड लागला. तोंडाला पाणी सुटलं. राजू मान खाली घालून उशी सारखी करत होता. ओरडायला मी तोंड उघडलं आणि मोठा श्वास आत ओढला. मग अजून एक ओढला.